गोव्यात जुनी मर्सिडीज कूपे घ्यायची असेल तर: आधी पत्रा, मग कागद, इंजिन सगळ्यात शेवटी

जुन्या गाडीचा फोटो पाठवून "घेऊ का?" असं विचारणारे मेसेज हल्ली बरेच येतात आणि त्यात एक गाडी परत परत दिसते, ऐंशी सालाच्या आसपासची दोन दारांची मर्सिडीज, २८० सीई नाहीतर २३० सीई. फोटोत सगळ्याच झकास दिसतात. माडाखाली उभी, क्रोम चमकतंय, मागे जुनं कौलारू घर, बघणाऱ्याचा जीव तिथेच अडकतो आणि मग तो विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो की इंजिन कसं आहे. गोव्यात हा प्रश्न शेवटी विचारायचा. का, आणि त्याआधी काय काय बघायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी गाडीची ओळख. या दोन्ही कूपे मर्सिडीजच्या १२३ सिरीजमधल्या. या सिरीजची चार दारांची सलून १९७६ ला आली, कूपे १९७७ ला, आणि १९८५ ला ती बंद झाली. सलून, वॅगन वगैरे सगळं धरून या सिरीजच्या जवळपास २७ लाख गाड्या बनल्या, पण कूपे एक लाखालाही थोड्या कमीच. सलूनपेक्षा कूपेचा व्हीलबेस ८५ मिलिमीटर कमी, छप्पर ठेंगणं आणि दोन खिडक्यांच्या मधला खांबच नाही, चारही काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी होते. ही गाडी शर्यतीसाठी नाहीच, दिवसभर चालवून संध्याकाळी न थकता उतरायचं यासाठी बनवलेली आहे. २८० सीईला २७४६ सीसीचं, सहा सिलिंडरचं, दोन कॅमशाफ्टचं पेट्रोल इंजिन, नंतरच्या वर्षांत १८५ हॉर्सपॉवर. २३० सीईला चार सिलिंडरचं २२९९ सीसी, १३६ हॉर्सपॉवर. गोव्यात वापरायला मला २३० सीई जास्त पटते, बोनेटखाली जागा मोकळी आहे, मेस्त्रीचा हात पोचतो आणि गर्दीत गरम कमी होते. पण सहा सिलिंडरचा आवाज ऐकल्यावर माणूस कोणाचं ऐकत नाही हेही मला माहीत आहे.

आता इंजिन शेवटी का? इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक हे सगळं सलूनशी मिळतंजुळतं आहे आणि सलून जगभर ढीगभर विकली गेली, त्यामुळे पार्ट अजून मिळतात, मागवता येतात, थोडी वाट बघावी लागते इतकंच. कूपेचे दरवाजे, त्यांच्या काचा, काचांची रबरं, छपराकडेची क्रोमपट्टी, मागची मडगार्डं ही मात्र फक्त कूपेची. ती सापडली तरी महाग आणि बऱ्याचदा सापडतच नाहीत. त्यात आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारा वारा आणि वर दमट हवा. इंजिन बिघडलं तर पैसे खर्च करून परत उभं राहतं. सडलेला पत्रा उभा करताना माणूस कंटाळतो आणि गाडी अर्धी उघडी गॅरेजात पडून राहते, अशा गाड्या म्हापशापासून मडगावपर्यंत कितीतरी आहेत.

बघायला जायची योग्य वेळ म्हणजे पावसाळा, किंवा निदान मोठा पाऊस पडून गेल्याचा दुसरा दिवस. डिसेंबरात सगळ्या गाड्या कोरड्या आणि सगळे विकणारे खुश. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून नीट सांगा, "काका, मी सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, पुसून पण ठेवू नका." बरोबर काय न्यायचं तर टॉर्च, फ्रिजवरचा साधा चुंबक, पातळ सुती कापड, पाण्याची बाटली, जमिनीवर झोपायला जुनी चादर. आणि एक माणूस ज्याला ती गाडी आवडलेली नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

पत्रा बघताना वरून सुरुवात करू नका, खालून करा. दाराखाली जी पत्र्याची लांब पेटी जाते, तिच्यात जॅक लावायची गोल भोकं आहेत, दोन्ही बाजूंना दोन दोन, त्यांना रबरी बूच असतं. बूच काढा आणि बोट घाला. कोरडं आणि कडक लागलं तर बरं, भुगा हाताला आला तर आत काय झालंय ते कळलं. बूचच नसेल तर तिथून कित्येक पावसाळ्यांचं पाणी आणि तांबडी माती आत गेलीय असं धरून चाला. मग पुढच्या चाकामागचा मडगार्डचा खालचा भाग, तिथे चिखल साठून राहतो. पुढची मडगार्डं बोल्टवर आहेत, बदलता येतात, तिथे गंज दिसला म्हणून लगेच परत फिरू नका, पण त्या मडगार्डामागे दाराच्या बिजागऱ्यांचा खांब आहे तो मात्र सडका नको.

त्यानंतर बोनेट उघडून बॅटरीखालचा ट्रे. अ‍ॅसिड आणि पाणी मिळून तो खातात, आणि एकदा भोक पडलं की पाणी थेट आत पायाखाली येतं. विंडस्क्रीनच्या खाली हवा आत घेणारी जी जाळी आहे तिथे आंब्याची, फणसाची पानं साठतात, पाणी जायची वाट बंद होते, आणि तेही पाणी आतच उतरतं. म्हणून पुढची दोन्ही कार्पेटं उचलायचीच, विकणारा नको म्हणाला तरी. खालचा फोम दाबून बघा, ओला असेल तर वासावरूनच कळेल.

मागची काच हा या गाडीचा सगळ्यात नाजूक भाग. काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबराखाली गंज धरतो, बाहेरून रंगाला छोटा फोड आल्यासारखं दिसतं, कोणी लक्ष देत नाही, आणि तिथून झिरपलेलं पाणी डिकीत जातं. डिकी उघडून स्टेपनी काढा, खालचा खड्डा बघा, आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मागे जे खोल कप्पे आहेत त्यात टॉर्च मारा. सनरूफ असेल तर बाटलीतलं थोडं पाणी त्याच्या कडेच्या पन्हळीत ओता, पाणी चाकांच्या आसपास गाडीखाली पडायला हवं. कुठेच पडलं नाही तर ते छपराच्या आत राहिलंय. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, रंगारी ती पुट्टीने बुजवतात, तीही बघा.

चुंबक कापडात गुंडाळून चाकांच्या कमानी, दारांचे खालचे भाग, मागची मडगार्डं यांवर हळू फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी किंवा फायबर. थोडी पुट्टी असणारच, गाडी चाळीस वर्षांवरची आहे, पण मागच्या मडगार्डाची अख्खी कमान पुट्टीची असेल तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, आणि खांब नसलेल्या गाडीत वेल्डिंग वेडंवाकडं झालं तर काचा पुन्हा जागेवर बसत नाहीत. यासाठी चारही काचा वर करून दार बंद करा आणि दोन काचा जिथे भेटतात तिथली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. फट वर-खाली सारखी नसेल तर गाडीला कधीतरी मार बसलाय किंवा खालची पेटी कमजोर होऊन बॉडी बसलीय. मग काचांवर बाटली ओता आणि आत बसून बघा.

नवा रंग मारलेली गाडी मला उगाच महाग वाटते. जुना, फिका पडलेला, ओरखड्यांचा मूळ रंग असलेली गाडी खरं काय ते सगळं दाखवते. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर प्लेट असते तिथे रंगाचा तीन आकडी कोड मिळतो, उदाहरणार्थ ७३७ म्हणजे पांढरा, ९०४ म्हणजे गडद निळा. कोड निळ्याचा आणि गाडी लाल असेल तर रंग का बदलला, कधी बदलला, आणि आरसीवर कुठला रंग लिहिलाय ते विचारा.

आता कागद, आणि इथे गोव्याच्या गाडीला गोव्याचेच प्रश्न आहेत.

सत्तर-ऐंशीच्या दशकात अशी गाडी भारतात कोणी शोरूममध्ये जाऊन घेत नव्हतं. परदेशातून कायमचं परत येणाऱ्याने सामानाबरोबर आणली, किंवा वकिलातीची गाडी नंतर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेली, अशाच वाटा होत्या. म्हणजे कस्टमचा कागद, बिल ऑफ एन्ट्री, कुठेतरी असायला हवा. जुन्या भारतीय आरसीवर गाडी वर्षानुवर्षं नीट नोंदलेली असेल तर तो हरवला तरी बहुतेक वेळा निभावतं. पण आरसीच नाही, फक्त परदेशी नंबरप्लेट आणि "कागद बनवून देतो" असं आश्वासन असेल तर तिथून निघा. किनाऱ्यावर एके काळी युरोपातून रस्त्याने लोक गाड्या घेऊन यायचे, त्या कार्नेवर यायच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत परत न्यायच्या अटीवर, ड्यूटी न भरता. त्यातली एखादी इथेच राहिली असेल तर ती तुमच्या नावावर होणार नाही, आणि कस्टमने उचलली तर तुमचे पैसे गेले.

नंबर बघा. जीडीए, जीडीबी अशी जीडीने सुरू होणारी पाटी म्हणजे गोवा दमण दीव एकत्र असतानाची नोंद, गोवा १९८७ ला राज्य झालं आणि त्यानंतर जीए आलं. जुना जीडी नंबर असणं चांगलं लक्षण आहे, गाडी इथे तेव्हापासून आहे हे त्यातून दिसतं, पण तिची माहिती बऱ्याचदा आरटीओच्या जुन्या रजिस्टरातच असते, कॉम्प्युटरवर नसते. मग आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे ती जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं, पैसे देण्याआधी. मोबाईलवर नंबर टाकून गाडी दिसतेय का ते तुम्ही स्वतः बघा, स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात मोठा घोळ मालकाच्या नावाचा असतो. गाडी पप्पांच्या किंवा आजोबांच्या नावावर, ते जाऊन कित्येक वर्षं झाली, विकणारा धाकटा मुलगा, एक बहीण लिस्बनला, एक भाऊ इंग्लंडात स्विंडनला. आपल्याकडे वारसाहक्क पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याच्या परंपरेने चालतो, नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक, मुलांचे हक्क ठरलेले, एका मुलाने परस्पर विकलेली वस्तू बाकीच्यांच्या सहीशिवाय पक्की होत नाही. म्हणून सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, झालीय का विचारा, वारसांमध्ये कोण कोण आहे ते वाचा, आणि सगळ्यांचं लेखी ना-हरकत घ्या. आरटीओत मालक वारल्यानंतरच्या ट्रान्सफरला फॉर्म ३१ लागतो, गाडी आधी विकणाऱ्याच्या नावावर होऊ दे, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. दोन्ही एकदम करून देतो म्हणणारा एजंट भेटेल, त्याच्या नादी लागू नका. चतुर्थीला सगळी भावंडं घरी येतात, सह्या त्या दिवसांत पटकन होतात, शक्य असेल तर व्यवहार तेव्हाचा धरा.

आरसीची मुदत पण बघायची. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. २० वर्षांवरच्या गाड्यांची ही फी २०२५ मध्ये बरीच वाढली, इम्पोर्टेड गाडीला तर त्याहून खूप जास्त, तेव्हा आरटीओत जाऊन आजचा आकडा विचारा आणि मुदत संपलेली असेल तर ती रक्कम किमतीतून वजा करा. "साहेब ही व्हिन्टेज आहे, तिला काही लागत नाही" हे ऐकलं तर मानू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिन्टेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची गाडी, ही कूपे १९७७ ची असली तरी २०२७ पर्यंत त्यात बसत नाही. आणि व्हिन्टेज नोंदणी केली की रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, रोज वापरता येत नाही. ज्याला रविवारी कुटुंबाला घेऊन बाहेर पडायचंय त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

आता चेसिस नंबर, तो बोनेट उघडल्यावर इंजिनामागे, केबिनच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकलेला असतो. त्यात १२३ नंतर ०५३ असेल तर २८० सीई, २४३ असेल तर २३० सीई. त्याच्या पुढचा आकडा १ म्हणजे डावं स्टीअरिंग, २ म्हणजे उजवं. आकडा १ आणि स्टीअरिंग उजवीकडे असेल तर इथेच कोणीतरी बदललंय, ते कोणी आणि कसं केलं ते समजल्याशिवाय चालवू पण नका. आखातातून आलेल्या गाड्या डाव्या स्टीअरिंगच्या असतात, त्या आधीच इथे नोंदलेल्या असल्या तर प्रश्न कमी, नसल्या तर त्या भानगडीत पडू नका. इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा, कारण आपल्याकडे पेट्रोल परवडत नाही म्हणून जुन्या मर्सिडीजना डिझेल इंजिन बसवायची पद्धत होती. टेम्पो ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्याच जातीचं डिझेल यायचं, ते सहज मिळायचं आणि मेस्त्रींना पाठ होतं. सलूनला ते शोभतं. पण बोनेटखाली ट्रॅक्सचं इंजिन असलेली २८० सीई ही २८० सीईच्या किमतीची गाडी नाही, आणि आरसीवर पेट्रोल लिहिलेलं असेल तर पासिंगलाही अडकेल.

पत्रा आणि कागद दोन्ही जमले तर आता चावी मागा.

थंड इंजिन चालू करताना मागे एका माणसाला उभं करा. सुरुवातीला निळसर धूर येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील, मोठं काम नाही. धूर येतच राहिला तर मोठं. पुढून साखळीचा खडखडाट दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा. ऑईल प्रेशरचा काटा ३ पर्यंतच जातो, गरम झाल्यावर आयडलला तो खाली येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, अ‍ॅक्सिलरेटर दिला की लगेच ३ वर जातो का तेवढं बघायचं. गाडी गरम करून बंद करा, दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या, परत चालू करा. गरम असताना चालू व्हायला त्रास देत असेल तर पेट्रोलची लाइन दाब धरत नाहीये, या गाड्यांतल्या के-जेट्रॉनिक नावाच्या पेट्रोल इंजेक्शनमध्ये हे नेहमीचं आहे, पार्ट मिळतात पण ज्याला ते कळतं असा मेस्त्री आधी शोधून ठेवा.

या इंजेक्शनचा खरा शत्रू आता पंपावर आहे. इथेनॉलवालं ई२० पेट्रोल पाणी ओढून घेतं, आणि आपल्या दमट हवेत महिना-दोन महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते आतून गंज धरवतं, जुने रबरी पाइप फुगवतं, आणि बारीक कचरा फ्युएल डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणाऱ्या भागात, नेऊन बसवतं. तो डिस्ट्रिब्युटर हा या गाडीच्या इंजिनातला सगळ्यात महाग तुकडा. म्हणून टाकी कधी साफ केली, पाइप कधी बदलले, गाडी शेवटची कधी चालली हे विचारा. "चार वर्षं उभी आहे पण एका स्टार्टला लागते" अशी गाडी घेताना टाकी, पाइप, फिल्टर, पंप यांचा खर्च धरूनच भाव करा.

ट्रायल नुसती गल्लीत फेरी मारून होत नाही. फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर न्या, तिथे गर्दीत चढताना तापमानाचा काटा कुठे थांबतो ते कळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हलक्या पायाने निघताना ती दुसऱ्या गिअरमध्येच निघते, तिची रचनाच तशी आहे, तो बिघाड नाही. गिअर पडताना थोडं कडक जाणवणंही या गाडीला चालतं, पण घसरत असेल, इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही असं होत असेल तर तेल बघा, काळं आणि जळका वास म्हणजे गिअरबॉक्स उघडावा लागणार. मग पणजीच्या अटल सेतूवर किंवा झुआरीच्या नव्या पुलावर एका वेगात सरळ चालवा. स्टीअरिंगला मध्यावर किंचित मोकळेपणा असतोच, जास्त असेल तर बॉक्स किंवा जोड झिजलेत. मागून धडधड येत असेल तर मागच्या सस्पेन्शनची रबरं गेलीत, रबरं स्वस्त आहेत, त्यावर भाव कमी करून घ्या आणि गाडी घ्या.

आतलं पटकन. सेंट्रल लॉक आणि पुढच्या सीटच्या पाठी लॉक करणं हे दोन्ही व्हॅक्युमवर चालतं, इंजिन बंद करून काही वेळा लॉक-अनलॉक करा, चालायला हवं. फ्यूज जुन्या पद्धतीचे, बारीक दांडीसारखे, त्यांना हिरवट गंज आला असेल तर अर्ध्या इलेक्ट्रिकच्या तक्रारी तिथेच आहेत, बदलले की संपल्या. एसी जुन्या गॅसवरचा असेल तर तो गॅस आता मिळत नाही, बदलून घ्यावा लागेल. लाकडी पट्ट्यांना भेगा, सीटला टाके, हे सगळं नंतर करता येतं, यावर मन घालू नका.

भाव करताना परदेशातल्या लिलावाचे आकडे कोणी दाखवले तर शांतपणे ऐका आणि आपला हिशोब काढा. पत्र्याचं काम, कागदाचं काम, रबरं, टायर, टाकी, प्रत्येकाचा खर्च लिहून विकणाऱ्यासमोर ठेवा. टायरवर चार आकडे असतात, शेवटचे दोन वर्ष, नक्षी कितीही नवी दिसली तरी दहा वर्षांचा टायर हा फेकायचाच टायर. जुन्या घरातल्या माणसांशी बोलताना घासाघीस करायचा सूर लावू नका, त्यांच्यासाठी ती पप्पांची गाडी आहे, तिची काळजी घेणार आहात हे त्यांना पटलं तर ते स्वतःहून खाली येतात, आणि कपाटातल्या जुन्या पावत्या, जादाची चावी, मूळ मॅन्युअल, माळ्यावर ठेवलेली एखादी क्रोमपट्टी पण काढून देतात. ती क्रोमपट्टी पैशांपेक्षा मोठी.

टोकन दिल्यावर पावतीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि "कागद अमुक तारखेपर्यंत पूर्ण न झाल्यास टोकन परत" हे लिहून घ्या. इन्शुरन्स तुमच्या नावावर झाल्याशिवाय गाडी दारातून बाहेर काढू नका. घरी आणल्यावर लगेच इंजिन ऑईल, गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक फ्लुइड, कूलंट, सगळे फिल्टर बदला. ब्रेकचे रबरी पाइप पण. आणि मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, दाराखालच्या पेट्यांमध्ये, दारांच्या आत आणि डिकीच्या कोपऱ्यांत मेणाचा स्प्रे मारून घ्या, जॅकच्या भोकांना नवी बुचं लावा. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर थेट टाकू नका, खाली वाफ धरते आणि रंग फोडांनी भरतो, हवा खेळेल अशी कापडी कव्हर आणि वर पक्कं छप्पर पाहिजे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी, काचा खाली करून अर्धा तास चालवून आणा.